सहावं रोप

अल कुसैस, दुबई
८ जानेवारी २०२५

ती. स्व. परेशदादास,
संपदाचा सा. न. वि. वि.

तुझं डिसेंबरातलं पत्र तुझ्या मेव्हण्याच्या, नागेशच्या वर्कशॉपच्या पोस्ट बॉक्समध्ये आठ दिवस पडून होतं. इथे पोस्टमन दारात येत नाही हे तुला सांगून सांगून मी थकले. कंपनीचा बॉक्स हाच आमचा पत्ता. शारजा इंडस्ट्रियल एरियात ग्रीसच्या डब्यांशेजारी बसून आल्यामुळे तुझ्या पाकिटावर कुणाकुणाची काळी बोटं उमटली होती. आईने ती ओल्या फडक्याने पुसली आणि मगच पत्र हातात घेतलं. फोनवर तिला धड ऐकू येत नाही, आणि व्हिडिओवर तू दिसलास की ती बोलायचं सोडून नुसती बघत बसते. तेव्हा आपल्या घरात पत्रं चालू आहेत तीच बरी आहेत.

आईची तब्येत उत्तम. गुडघे कुरकुरतात, पण जीभ नाही. तिचा कढीपत्ता आता बाल्कनीच्या छताला टेकलाय. सात वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या कुबराने बोटभर रोप दिलं होतं, त्याचं हे झाड झालं. ही कुबरा दापोलीची, नवरा बंदरात कामाला. ती आईला काकी म्हणते आणि माझ्यापेक्षा जास्त ऐकते. सगळी बिल्डिंग आमच्याकडून पानं नेते, अगदी खालचा नातूर, म्हणजे इथला वॉचमन, तोसुद्धा आपल्या डाळीसाठी दोन काड्या मागून नेतो. सुपरमार्केटात चार काड्यांना दोन दिरहम, म्हणजे आपले जवळजवळ पन्नास रुपये, हा हिशेब आई प्रत्येकाला ऐकवते आणि मग फुकट देते. या दिवाळीतही अनारसे खसखशीवाचून झाले. इथे खसखस आणायची नाही हा कायदा आईने अजून मनातून माफ केलेला नाही.

आता कामाचं. दादा, ती रोज तुझा विषय काढते. चार वर्षं झाली तू आला नाहीस. पहिल्या वर्षी मी तुझी नोकरी सांगितली, दुसऱ्या वर्षी बर्फ, तिसऱ्या वर्षी पासपोर्ट. आता माझ्याकडची कारणं संपली. परवा तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली की परेशला मी नकोशी झाले असेन, तसं असलं तर सांगा, मी विचारायचं बंद करते. खरं तिला कसं सांगू? तुझे पाय ज्या औषधावर चालतात ते इथे आणणं तर सोडच, अंगात सापडलं तरी गुन्हा होतो. आणि ते महिनादीड महिना बंद ठेवून निघावं तर चौदा तास त्या सीटवर तू बसू शकत नाहीस. बरं, तिला तुझ्याकडे पाठवावं तर तुझ्या तळघरातली ती झाडं तिच्या डोळ्यांसमोर. देवरुखला भेटावं तर घर विकलेलं, आणि त्या औषधाचा अडसर तिथेही तोच. मला काही सुचत नाही, तूच काय ते ठरव.

तुझ्या परवानगीचं या वर्षीचं नूतनीकरण झालं का? पायांतले पेटके कसे आहेत? वहिनीला नमस्कार. राग आला असेल तर तो पत्रातून कळव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
संपदा


शेरब्रुक, क्युबेक
२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आईस,
परेशचा शि. सा. न. वि. वि.

खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ आहे आणि मी आत मजेत आहे. तुझा तिळगूळ पोचला, पाकिटात त्याचा चुरा झाला होता. तो आम्ही दोघांनी चमच्याने खाल्ला. डेपोत मला आता बसच्या खाली झोपायचं काम नाही, खुर्चीवर बसून सुटे भाग नोंदवायचे. तेव्हा तुझा मुलगा साहेब झाला असं कुबराला खुशाल सांग.

कढीपत्त्याचा फोटो पाहिला. एवढं झाड मी देवरुखच्या परसातही पाहिलं नव्हतं. या उन्हाळ्यात येणं जमेलसं दिसत नाही गं. कामाचं असं आहे की मध्येच सुट्टी मिळत नाही. पण पुढल्या वर्षी नक्की बघतो. गुडघ्यांना तेल लाव, आणि संपदाला जास्त बोलू नकोस.

ओरडायला का होईना, माझी आठवण काढत जा.

तुझा,
परेश

(सोबत घडी घातलेली चिठ्ठी, वर लिहिलंय: फक्त संपदा)

चि. संपदास अनेक आशीर्वाद.

वरचं पत्र वाचून तू कपाळावर हात मारला असशील, ते मला इथून दिसतंय. खोटं लिहिताना माझाही हात अडखळतो. पण त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला कसं सांगू की तुझा मुलगा तळघरात गांजा लावतो? तिला गांजा म्हणजे जत्रेतले चिलीम ओढणारे बुवा. मी ओढत नाही, तेलाचे थेंब घेतो, त्या थेंबांमुळे पायांचं लाकूड होत नाही आणि मी कामावर जातो, हे सगळं सांगेपर्यंत ती देवापाशी जाऊन बसलेली असेल.

आता दुसरी गोष्ट. ही मी तुझ्या वहिनीलासुद्धा नीट सांगितलेली नाही. इथला हिशेब असा आहे की डॉक्टर रोजचा डोस लिहून देतात, त्यावरून सरकार झाडांचा आकडा काढतं, आणि तो आकडा कागदावर येतो. माझा आकडा पाच. कॅनडात बाकी बऱ्याच ठिकाणी कुणीही घरी चार लावली तरी चालतात, पण क्युबेकमध्ये डॉक्टरच्या कागदाशिवाय एकही चालत नाही. म्हणजे माझी पाच ती पाचच, वरचं प्रत्येक झाड बेकायदा. ते दुसऱ्याला देता येत नाही की विकता येत नाही.

मी डिसेंबरात सहा बिया रुजत घातल्या, एखादी दगा देतेच म्हणून. सहाही आल्या. एक उपटायचं म्हणून मी तीनदा खाली गेलो आणि तीनदा पाणी घालून वर आलो. तुला आठवतं का, मी सातवीत होतो तेव्हा पायरीशी उगवलेलं पपईचं रोप मी खेळता खेळता उपटलं होतं? आईने मारलं नाही. तिने ते माझ्याकडून परत लावून घेतलं आणि महिनाभर मला शाळेतून आल्यावर आधी त्याला पाणी घालायला लावलं. आपणहून उगवलेलं आपल्या हाताने उपटायचं नाही, हा तिचा नियम. त्या पपईला चार वर्षं फळं आली. माझं वय एक्कावन्न झालं तरी माझे हात तेच आहेत, त्यांना उपटणं जमत नाही.

अडचण अशी की घर भाड्याचं आहे. नूतनीकरणाच्या फॉर्मवर घरमालकिणीची संमती लागते. ही मादाम गेल्या वर्षी न बघताच सही करून गेली, या वेळी म्हणते की पंधरा एप्रिलला स्वतः खाली येऊन बघेन, मोजेन आणि मगच सही करेन. सहा दिसली तर ती सही करणार नाही, आणि तिचं चूक आहे असंही मला म्हणता येणार नाही. सही नाही म्हणजे परवानगी नाही. मग पाचही गेली. बाजारातलं तेल दोनदा घेऊन पाहिलं, मला मानवलं नाही. दोन्ही वेळा महिनाभर काठीवर आलो होतो.

हे आईला कळू देऊ नकोस. पंधरा एप्रिलपर्यंत काहीतरी करतो. धाकट्या बहिणीने थोरल्याला समजून घ्यावं, एवढंच मागणं.

दादा


अल कुसैस
२३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. परेशदादास,
सा. न. वि. वि.

काहीतरी करतो म्हणजे काय करतोस? एक रोप उपटायचं, यात काहीतरी कसलं आलंय?

आधी एक सांगते. तुझ्या चिठ्ठीत तू त्या झाडाचं नाव दोनदा लिहिलंस. नागेश म्हणतो की नाव लिहिल्याने काही होत नाही, पण मी ते वाचताना बाथरूममध्ये जाऊन दार लावून वाचलं. यापुढे 'ती झाडं' एवढंच लिही. तू तिथे पाच की सहा यावर विचार करत बसला आहेस. दादा, इथे आकडा शून्य आहे. आमच्या ऑफिसात एकाने गावाहून कसल्या तरी गोळ्या कागदाशिवाय आणल्या, साध्या झोपेच्या. त्याचं काय काय झालं ते पाहिल्यापासून मी आईची गुडघ्याची गोळीसुद्धा प्रिस्क्रिप्शनला टाचून ठेवते. तुला सरकारने पाच दिली, ती केवढी मोठी गोष्ट आहे हे तुला तिथे बसून कळत नाही.

आणि पपईचं काय घेऊन बसलास? पपईमुळे कुणाचे पाय गेले नव्हते. तू जपतो आहेस त्या एका रोपापायी उद्या पुन्हा काठी हातात आली तर ती मला सोसायची नाही. तुझ्या साठीला तू माझ्या ईराच्या लग्नात नाचणार आहेस, हे तू तिच्या बारशाला कबूल केलंस. ते मी विसरलेले नाही. हे लिहिताना माझ्या डोळ्यांना पाणी आलंय आणि मला रागही आलाय, दोन्ही तुझ्यामुळे.

आई बरी आहे. लिफ्टमध्ये कुंड्यांबद्दल कसलीशी नोटीस लागली आहे, ती ईराने आजीला वाचून दाखवली म्हणे, मी अजून बघितलेली नाही. येत्या शनिवारपासून रमजान लागेल, इन्शाल्ला आमचं ऑफिस दोन तास लवकर सुटेल. जरा घरात वेळ मिळेल. कुबरा रोज संध्याकाळी काही ना काही पाठवते, आईचं वजन या महिन्यात वाढतंच.

रोप उपटल्याचं कळव. तोवर मी तुझ्यावर रुसलेली, पण तुझीच,
संपदा


अल कुसैस
९ मार्च २०२५

चि. परेशास आईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी कुबराकडून परस्पर पोस्टात टाकते आहे. संपदाला दाखवलेलं नाही. तिला सारखं दाखवायला मी काही तिच्या ऑफिसातली कारकून नाही.

आधी माझी चोरी सांगते, कारण ती पकडली गेली आहे. नागेश दुपारी तीनला वर्कशॉपमधून येतो, पाकीट टेबलावर ठेवतो आणि झोपतो. संपदा येते सहाला. मधल्या तीन तासांत मी तुझं पाकीट भाताच्या वाफेवर धरते, अलगद उघडते, सगळं वाचते आणि भाताच्या शिताने परत चिकटवते. गेली दोन वर्षं हे चाललंय. आता रमजानात ऑफिस लवकर सुटतं हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. मंगळवारी चार वाजता संपदा दारात उभी आणि मी वाफेपाशी. पाकीट नुसतं विजेच्या बिलाचं होतं, पण सवयीने मी तेही धरलं होतं. तिने काय बोलायचं ते बोलून घेतलं. चिठ्ठीवर 'फक्त संपदा' असं ठळक लिहून माझ्या घरात पाठवायची आणि मी ती वाचायची नाही, एवढी का मी लाकडाची आहे? आपल्या घरात पत्र कधी एकट्याचं नव्हतंच. तुझे बाबा प्रत्येक पत्र चहा झाल्यावर मोठ्याने वाचायचे. ती रीत तुम्ही मोडलीत, मी नाही.

तेव्हा मला सगळं ठाऊक आहे. तुझं दुखणं ठाऊक आहे, थेंब ठाऊक आहेत, पाच ठाऊक आहेत आणि सहाही. संपदा 'ती झाडं, ती झाडं' करते, जणू झाडांची नजर लागेल. गांजा म्हण की सरळ. तुझ्या आजोबांचे गुडघे धरले की वैद्य त्याचाच पाला तेलात कढवून शेक द्यायचे. शेकानंतर आजोबा चांगले अर्धा तास हसत बसायचे. जत्रेतले बुवा वेगळे आणि औषध वेगळं, एवढं कळायला मला कॅनडाच्या सरकारचा कागद लागत नाही.

राग मला गांजाचा नाही. राग याचा आहे की दोन वर्षं मी वाट बघतेय तू सांगशील म्हणून. मी नकोशी झाले असं मी मुद्दाम म्हणत होते. संपदा ते तुला कळवणार आणि तू चिडून तरी खरं लिहिशील, असं वाटलं होतं. तू मात्र साहेब झाल्याचं लिहिलंस. परेश, तुझे पाय लाकडासारखे होत होते आणि मी इथे तीळ भाजत होते. तू सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? काही नाही. पण माझ्या लेकराचं दुखणं मला माहीत असायला हवं, ते माझं आहे.

आता रोपाचं. तू माझा नियम काढलास, म्हणून मीच बोलते. आमच्याकडे नोटीस लागली आहे, बाल्कनीतल्या कुंड्या कमी करा म्हणून. गुरुवारी सकाळी मी कढीपत्ता उपटला. नागेश कामावर निघता निघता पुढे आला होता, मी त्याला मागे सारलं. मुळं कुंडीला आतून गुंडाळून बसली होती, भाकरीच्या उलथण्याने सोडवावी लागली. दोन तास गेले. कुबरा वर आली, तिचा रोजा, तिला पाणीही देता येईना. ती एका बाजूला बसून रडत होती आणि मी दुसऱ्या बाजूला. मग सगळी पानं खुडली, सगळ्या बिल्डिंगला वाटली, नातूरला पिशवी भरून दिली. कुंडी धुऊन पालथी घातली आहे. बाल्कनीत आता ऊन फार येतं.

पहिल्यांदा मी इकडे आले तेव्हा खसखशीची पुडी पिशवीत घातली होती. मुंबईच्या विमानतळावर नागेशने ती काढून कचऱ्यात टाकली. मी भांडले. एवढ्याशा पुडीने कुणाचं काय होणार, म्हणाले. तो म्हणाला, आई, तिथले लोक दाणे मोजायला बसत नाहीत, असलं की असलं. तेव्हा मला तो भित्रा वाटला. आता इतकी वर्षं इथे काढल्यावर कळतं की ज्याच्या देशात राहायचं त्याचा आकडा पाळायचा. शून्य सांगितलं तर शून्य. तुला पाच सांगितलीत, तेवढी तरी दिली म्हणून हात जोड.

तेव्हा नियम मी केला होता, मी मोडला. पहिलं माझ्या हाताने उपटलं गेलंय. आता तू उपटलंस तर त्याचं पाप तुला लागत नाही, ते माझ्या खात्यावर आलं.

आणि ऐक. मी येते आहे. तू येऊ शकत नाहीस तर काय झालं, माझे गुडघे तुझ्या पायांपेक्षा बरे आहेत. ईराने व्हिसाचा फॉर्म भरलाय, फोटो काढून झाले, बोटांचे ठसेही दिले. ती इंग्लिशमध्ये म्हणाली की आजी, तू माझ्यापेक्षा धीट आहेस. मे महिन्यात येईन असं म्हणतात. पण तुझ्या तळघरात पाच असतील तरच. सहा असतील तर मी विमानाच्या पायरीवर पाय ठेवणार नाही. तिथे येऊन मी स्वतः मोजणार आहे, तुझ्या त्या मादामच्या आधी मोजायला मिळालं असतं तर जास्त बरं.

सुनेला माझे आशीर्वाद. तिने तुझे पाय सांभाळले, ते मी तिच्यासमोर बसून बोलेन. माझ्यावर माया असली तर रोप उपटून दाखव.

तुझी
आई


शेरब्रुक
२८ मार्च २०२५

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा आलं. मी ते आधी डेपोत वाचलं, मग घरी येऊन तुझ्या सुनेला मोठ्याने वाचून दाखवलं, चहानंतर. बाबांची रीत इथे तरी पुन्हा सुरू झाली असं समज. आजोबा हसत बसायचे ते वाचून ती इतकी हसली की कप सांडला, आणि कढीपत्त्यापाशी आल्यावर मला पुढे वाचता येईना. उरलेलं तिने वाचलं.

काल सकाळी मी तळघरात गेलो. खाली बसायला मला वेळ लागतो, एक पाय आधी दुमडावा लागतो आणि दुसरा हाताने उचलून ठेवावा लागतो. हे तुला यापूर्वी कधी लिहिलं नव्हतं, म्हणून आता लिहितो. सहा कुंड्यांसमोर बसलो. तू सगळ्यात मोठं उपटलंस. मी सगळ्यात लहान उपटलं, एवढी सवलत मुलाला दे. मला वाटलं होतं अवघड जाईल, पण ते हलकं होतं, एका ओढीत हातात आलं. मुळं जेमतेम बोटभर होती, माती अजून त्यांना चिकटून होती. मी ते थोडा वेळ तसंच हातात धरून बसलो. मग इथल्या सरकारने सांगितलंय तसं मातीत कालवून टाकून दिलं. कुणी विचारलं तर आता माझ्याकडे पाच आहेत, आणि तुलाही तसं सांगता येतं.

आई, मी लपवायला नको होतं. मला वाटलं होतं तू मला कमी समजशील. तुझा मुलगा परदेशात जाऊन कुठल्या तरी पानांच्या आधाराने उभा आहे, असं तुझ्या मनात येईल. दोन वर्षं तू वाफेवर पाकिटं धरून बसलीस आणि मला ओळखलंस, आणि मी एवढ्या शिकवणीनंतर तुला ओळखलं नाही. मला माफ कर.

मादाम पंधराला येते. मी तिच्यासाठी केक आणणार होतो, तुझी सून म्हणाली की लाच वाटेल, नुसता चहा कर.

सहावी कुंडी धुऊन ठेवली आहे. तिच्यात काय लावायचं ते तू येऊन ठरव. खिडकीजवळची खुर्ची तुझी, पायाखाली पाट ठेवलाय. ये, मोज आणि हवी तेवढी बोल.

तुझ्या शिव्यांना मुकलेला,
परेश


अल कुसैस
२० एप्रिल २०२५

ती. स्व. परेशदादास,
सा. न. वि. वि.

मादामने सही केली हा तुझा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होते. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांना खोटंच सांगितलं की ईराचा निकाल लागला. मोजताना तिने दोनदा मोजलं, आणि जाताना रिकाम्या कुंडीकडे बोट दाखवून ही कुणाची म्हणून विचारलं, हे वाचून आई फार खूश झाली. तू मादामला सांगितलंस की आईची आहे, ते तर तिने कुबराला तीनदा ऐकवलं.

आईचा व्हिसा आला. अठरा मेचं तिकीट काढलंय, सरळ माँट्रियल, व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. व्हीलचेअरवर ती बसणार नाही म्हणते. विमानतळावर तू तिला घ्यायला येशील तेव्हा काठी आणलीस तरी चालेल, लपवू नकोस. तिची तयारी आहे.

आता जे लिहिणार आहे ते तुझ्या-माझ्यात. परवा मी लिफ्टसमोर उभी होते, तेव्हा नातूर येऊन विचारू लागला की मॅडम, वो पेड क्यों निकाला, किसने बोला. मी म्हटलं, तुमचीच नोटीस. तो गोंधळला. मग मी ती नोटीस पहिल्यांदा नीट वाचली. त्यात लिहिलंय की कठड्यावर ठेवलेल्या कुंड्या काढाव्यात, वाऱ्याने खाली पडतात म्हणून. एवढंच. दादा, आमच्या कठड्यावर कधीच काही नव्हतं. कढीपत्ता आत कोपऱ्यात, जमिनीवर होता. त्याला कुणी हात लावायला सांगितलं नव्हतं. ईराला विचारलं, तर ती म्हणाली की तिने आजीला नोटीस शब्द न शब्द मराठीत सांगितली होती, आणि आजीने दोनदा विचारून घेतलं होतं की जमिनीवरच्या कुंड्या चालतात ना.

म्हणजे तिला माहीत होतं. तुझी ती चिठ्ठी वाचली आणि सात वर्षांचं झाड तिने मुळासकट काढलं. रोज सकाळी ती रिकाम्या कोपऱ्यासमोर चहा घेते, तेव्हा मी तिच्या शेजारी जाऊन बसते. हे तुला कळलंय असं तिला दाखवू नकोस.

पत्र बंद करून टेबलावर ठेवते, नागेश उद्या शारजाला जाताना टाकेल. पाकिटावर 'फक्त दादा' असं मुद्दाम लिहिलेलं नाही. तू तिला नीट सांभाळशील हे ठाऊक आहे, तरी काळजी करायचा माझा हक्क राहू दे.

तुझी,
संपदा

ता. क. चि. परेश, वाचलं. संपदाला वाटतं वर काही लिहिलं नाही की मी बघत नाही. नोटिशीचं काय एवढं, झाड माझं होतं. तुला उपट म्हणायचं तर आधी माझं गेलेलं असायला हवं होतं, नाहीतर कुठल्या तोंडाने सांगणार होते? आता ते सोड. सहाव्या कुंडीत आपण कढीपत्ता लावू. इथून बी आणणार नाही, विमानात चालत नाही असं ईराने बघून सांगितलंय. तिथे रोप मिळतं का बघून ठेव. आणि घरात कढीपत्ते किती लावलेले चालतात, तेही विचारून ठेव. — आई